एका मिनिटाचा फरक

अमेरिकेचे पस्तिसावे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा १९६३ साली खून झाला, हे तुम्ही कोठेतरी वाचले असेल. तो एकट्या माणसाने केला की त्यामागे कट होता, हा वाद साठ वर्षे उलटून गेली तरी चालूच आहे. त्यावर पुस्तके निघाली, चित्रपट निघाले. या वादाच्या राजकीय बाजूशी आपल्याला येथे कर्तव्य नाही. परंतु या वादात एक प्रश्न असा निघाला, की त्याचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातील 'ध्वनी' या पाठाच्या आधारे शोधता येण्याजोगे होते. ते शोधण्यासाठी नामांकित शास्त्रज्ञ एकत्र आले. त्यांना वाट दाखवली ती मात्र बँडमध्ये ड्रम वाजवणाऱ्या एका तरुणाने. त्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. ही हकिगत समजून घेण्यासारखी आहे.

काय घडले?

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास केनेडी यांची उघडी मोटार टेक्सास राज्यातील डलास शहराच्या डीली प्लाझा या चौकातून हळूहळू चालली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते. एवढ्यात गोळ्या झाडल्या गेल्या आणि अध्यक्ष मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी ली हार्वे ऑस्वाल्ड या तरुणाला अटक झाली. दोनच दिवसांनी, पोलिसांच्या ताब्यात असतानाच, जॅक रूबी नावाच्या माणसाने त्याला गोळी घालून ठार केले. त्यामुळे खटला उभा राहिलाच नाही. साक्षीपुराव्याची न्यायालयात उलटतपासणी झाली नाही. लोकांच्या मनात संशय राहिला, यात नवल नाही.

सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने १९६४ च्या सप्टेंबरात अहवाल दिला. तीन गोळ्या झाडल्या गेल्या. त्या मोटारीच्या मागच्या बाजूस असलेल्या पुस्तकांच्या कोठाराच्या सहाव्या मजल्यावरून आल्या. झाडणारा ऑस्वाल्ड एकटाच होता, असा त्याचा निष्कर्ष होता. परंतु काही साक्षीदारांचे म्हणणे वेगळे होते. रस्त्याच्या पुढच्या बाजूस उजवीकडे गवताचे एक छोटे टेकाड आहे व त्यावर कुंपण आहे. एक गोळी तेथून आल्यासारखे वाटले, असे ते सांगत. पुढून एक गोळी आली असेल, तर झाडणारे निदान दोघे असले पाहिजेत. म्हणजेच कट होता!

साक्षीदार खोटे बोलत होते असे समजण्याचे कारण नाही. आवाज कोणत्या दिशेने आला, हे आपण मुख्यतः दोन कानांच्या साहाय्याने ओळखतो. आवाज उजवीकडून आला तर तो उजव्या कानाला किंचित आधी पोचतो. दोन कानांमधील अंतर सुमारे २० सें.मी. धरले, तर हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी, सुमारे ०.०००६ सेकंद येतो. मेंदू एवढा सूक्ष्म फरकही टिपतो. पण भोवती उंच इमारती असल्या की मूळ आवाजाच्या पाठोपाठ भिंतींवरून परावर्तित झालेले आवाज येतात आणि कानांची फसगत होते. त्यातच रायफलची गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जाते. अशा गोळीमुळे हवेत एक आघाततरंग निर्माण होतो व त्याचा स्वतंत्र 'टाळ्'कन आवाज होतो. तो बंदुकीच्या दिशेने आल्यासारखा वाटत नाही. तेव्हा केवळ कानांच्या साक्षीवर हा प्रश्न सुटणारा नव्हता.

अब्राहम झप्रूडर नावाच्या एका कापड व्यावसायिकाने आपल्या ८ मि.मी.च्या कॅमेऱ्याने हा प्रसंग टिपला होता. पण ती चित्रफीत मूक होती. गोळ्यांचा आवाज कोठे नोंदला गेला होता का?

पोलिसांचे ध्वनिमुद्रण

डलासचे पोलीस त्या दिवशी बिनतारी संदेशांसाठी दोन वाहिन्या वापरत होते. वाहिनी १ नेहमीच्या कामासाठी आणि वाहिनी २ अध्यक्षांच्या मिरवणुकीच्या बंदोबस्तासाठी. दोन्हींवरील संभाषण पोलीस ठाण्यात आपोआप मुद्रित होत असे. वाहिनी १ चे मुद्रण 'डिक्टाबेल्ट' या प्लॅस्टिकच्या पट्ट्यावर होई, तर वाहिनी २ चे तबकडीवर. खुनाच्या सुमारास एका मोटारसायकलस्वार पोलिसाच्या मायक्रोफोनचे बटण दाबलेल्या स्थितीतच अडकून बसले. त्यामुळे वाहिनी १ वर पाच मिनिटांहून अधिक काळ त्या मोटारसायकलच्या इंजिनाची घरघर मुद्रित होत राहिली.

१९७६ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने या खुनाच्या फेरचौकशीसाठी एक समिती नेमली. ही मोटारसायकल मिरवणुकीतलीच असेल, तर त्या घरघरीत गोळ्यांचे आवाजही दडलेले असतील, अशी कल्पना पुढे आली. मुद्रण ऐकून गोळ्या ओळखता येत नव्हत्या. पण उपकरणांवर तपासले असता अगदी अल्प काळाचे काही तीव्र ठोके आढळले. हे ठोके म्हणजे गोळ्या आहेत की नुसती खरखर?

प्रतिध्वनींचे ठसे

हे ठरविण्यासाठी वापरलेली युक्ती फार सुंदर आहे. समजा, तुम्ही एका चौकात उभे आहात आणि ३४ मीटरवर फटाका फुटला. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला, तर आवाज ०.१ सेकंदात सरळ तुमच्यापर्यंत येईल. तोच आवाज एका भिंतीवर आपटून १०२ मीटरचा वळसा घेऊन आला, तर त्याला ०.३ सेकंद लागेल. दुसऱ्या भिंतीवरून १३६ मीटरचा वळसा घेऊन येणाऱ्याला ०.४ सेकंद. म्हणजे पहिल्या आवाजानंतर ०.२ व ०.३ सेकंदांनी दोन प्रतिध्वनी येतील. तुम्ही जागा बदलली किंवा फटाका दुसरीकडे फुटला की ही अंतरे बदलतील. प्रत्येक 'फटाका आणि श्रोता' या जोडीचा प्रतिध्वनींचा असा एक स्वतंत्र ठसा असतो, जणू बोटाचा ठसाच!

ऑगस्ट १९७८ मध्ये बोल्ट, बेरानेक आणि न्यूमन या ध्वनिशास्त्रातील प्रसिद्ध संस्थेच्या तज्ज्ञांनी डीली प्लाझामध्ये प्रत्यक्ष गोळ्या झाडून पाहिल्या. रस्त्याच्या कडेने ३६ ठिकाणी मायक्रोफोन मांडले. कोठारातून व टेकाडावरून गोळ्या झाडून एकूण ४३२ ठसे मिळवले. पोलिसांच्या मुद्रणावरील ठोक्यांचे सहा समूह या प्रत्येक ठशाशी ताडून पाहिले. अशा ४३२ × ६ = २,५९२ तुलना झाल्या. त्यांपैकी १५ ठिकाणी बऱ्यापैकी जुळणी आढळली. टेकाडावरून गोळी आल्याची शक्यता त्यांनी ५० टक्के सांगितली.

ही शक्यता अधिक नेमकी करण्यासाठी न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजमधील मार्क वाइस आणि अर्नेस्ट अश्कनाझी यांनी चौकाच्या नकाशावरून प्रतिध्वनींच्या वेळा गणिताने काढल्या आणि त्या सेकंदाच्या एक हजारांशापर्यंत जुळतात का ते पाहिले. एवढ्या अचूकतेसाठी हवेच्या तपमानाचाही विचार करावा लागतो. ध्वनीचा वेग (मीटर प्रति सेकंद) साधारणतः ३३१ + ०.६ × तपमान (सेल्सिअस) या सूत्राने मिळतो. १८ अंशांना तो ३४२ येतो, तर ३२ अंशांना ३५०. ६० मीटर अंतर कापण्यास पहिल्या वेळी ०.१७५ सेकंद लागतील, तर दुसऱ्या वेळी ०.१७१. फरक चार हजारांशांचा! उन्हाळ्यात घेतलेले प्रयोग नोव्हेंबरातल्या घटनेशी ताडताना हा फरक हिशेबात घेणे भागच होते.

वाइस आणि अश्कनाझी यांनी डिसेंबर १९७८ मध्ये समितीपुढे साक्ष दिली. टेकाडावरून चौथी गोळी झाडली गेल्याची शक्यता ९५ टक्के किंवा त्याहून अधिक आहे, असे त्यांनी सांगितले. त्यावर विसंबून समितीने १९७९ साली जाहीर केले, की केनेडी यांचा खून बहुधा कटातून झाला. जगभर खळबळ उडाली. आता तर विज्ञानानेच शिक्कामोर्तब केले होते!

ड्रम वाजवणारा तरुण

१९७९ च्या उन्हाळ्यात एका अमेरिकन मासिकाने या मुद्रणाची एक पातळ प्लॅस्टिकची तबकडी अंकाबरोबर वाचकांना दिली. ओहायो राज्यातील स्टीव्ह बार्बर या तरुणाने ती मिळवली. तो शास्त्रज्ञ नव्हता. त्याचा कान मात्र तयार होता आणि चिकाटीही दांडगी होती. त्याने ती तबकडी पुनःपुन्हा ऐकली. ज्या ठिकाणी तज्ज्ञांना गोळ्यांचे ठोके सापडले होते, नेमक्या त्याच ठिकाणी त्याला अत्यंत क्षीण असा मानवी आवाज ऐकू आला. कोणीतरी 'सगळे जसेच्या तसे बंदोबस्तात ठेवा' अशा अर्थाचे काही सांगत होते.

हा आवाज कोणाचा? वाहिनी २ च्या मुद्रणात हे वाक्य स्पष्ट ऐकू येते. मिरवणुकीच्या पुढच्या मोटारीत बसलेले शेरीफ बिल डेकर आपल्या माणसांना हुकूम सोडत होते : माझी सगळी माणसे रेल्वेच्या आवारात पाठवा आणि तपास अधिकारी येईपर्यंत तेथे बंदोबस्त ठेवा.

आता क्षणभर थांबा आणि विचार करा. हा हुकूम केव्हा दिला गेला असेल? अर्थात गोळ्या झाडल्या गेल्यानंतर! वाहिनी २ वर आधी पोलीस प्रमुखांचा 'इस्पितळाकडे चला' हा हुकूम आहे आणि डेकर यांचे वाक्य त्यानंतरचे आहे. गोळीबारानंतर सुमारे एक मिनिटाने ते उच्चारले गेले. ते वाक्य आणि ते 'ठोके' जर मुद्रणात एकाच वेळी असतील, तर ते ठोकेही गोळीबारानंतर एक मिनिटाने झालेले आहेत. तोवर अध्यक्षांची मोटार चौक सोडून इस्पितळाच्या वाटेला लागली होती. मग ते ठोके केनेडींना मारणाऱ्या गोळ्यांचे कसे असतील?

वाहिनी २ वरचे वाक्य वाहिनी १ वर आले कसे, असा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी विचारतील. शाळेच्या स्नेहसंमेलनात मायक्रोफोन चालू राहिला आणि शेजारच्या मांडवात लाउडस्पीकरवर गाणे लागले, तर ते गाणे आपल्याही कर्ण्यातून ऐकू येते. येथेही तसेच घडले असावे. बटण अडकलेल्या मायक्रोफोनजवळ वाहिनी २ ऐकवणारा एखादा रेडिओ असला, की त्याचा आवाज वाहिनी १ वर जाणारच.

कान पुरेसा नाही

एका माणसाला एक वाक्य ऐकू आले, एवढ्यावर विज्ञान विश्वास ठेवत नाही. खरखरीतून मनात असलेले शब्द ऐकू येणे हा अनुभव आपणा सर्वांना आहे. बार्बरने आपले निरीक्षण शास्त्रज्ञांना कळवले. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या विनंतीवरून राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १२ जणांची एक समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष होते हार्वर्ड विद्यापीठाचे नॉर्मन रॅम्से. पुढे १९८९ साली त्यांना भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९६८ चे नोबेल विजेते लुइस अल्वारेझ हेही समितीत होते. या मंडळींनी त्या निरीक्षणाची हेटाळणी केली नाही. ते तपासायला घेतले.

पहिली तपासणी : तो आवाज खरोखर डेकर यांचाच आहे काय? यासाठी दोन्ही मुद्रणांचे ध्वनिवर्णपट काढण्यात आले. ध्वनिवर्णपट म्हणजे कोणत्या क्षणी कोणकोणत्या कंप्रतेचे स्वर किती तीव्र आहेत, याचे चित्र. कानाला जे अस्पष्ट वाटते ते कागदावर डोळ्यांनी पाहता येते व मोजता येते. दोन्ही चित्रांतील रेषा जुळल्या. वाक्य तेच होते.

दुसरी तपासणी : मुद्रणाच्या प्रती काढताना हे वाक्य नंतर चुकून वरून मिसळले गेले असेल काय? ही शंका अगदी रास्त होती. तिचे उत्तर रेडिओग्राहीच्या रचनेत मिळाले. ग्राहीत एक स्वयंचलित नियंत्रण असते. जोरदार संकेत आला की ते सगळाच आवाज आपोआप खाली आणते. वाहिनी १ वर मधूनच दुसऱ्या कोणी बटण दाबले की शीळ ऐकू येई, आणि त्याच क्षणी डेकर यांचा आवाजही दबला जाई. हे वाक्य पुढे केव्हा तरी वरून मिसळले असते, तर ते असे दबले नसते. म्हणजे ते मूळ क्षणीच ग्राहीतून आले होते.

आणखीही काही गोष्टी खटकत होत्या. मायक्रोफोन मिरवणुकीत होता म्हणावे, तर मुद्रणात लोकांचा जयघोष नव्हता. इस्पितळाकडे भरधाव निघालेल्या गाड्यांचे भोंगे त्या ठोक्यांबरोबर ऐकू यायला हवे होते, ते बऱ्याच उशिरा आले. मे १९८२ मध्ये रॅम्से समितीने अहवाल दिला : ते ठोके खुनानंतर सुमारे एक मिनिटाचे आहेत, या मुद्रणातून टेकाडावरील गोळी सिद्ध होत नाही.

९५ टक्क्यांचा अर्थ

मग ते ९५ टक्के कोठे गेले? हा भाग शिक्षकांनी वर्गात जरूर घ्यावा. पहिली गोष्ट म्हणजे, पुष्कळ तुलना केल्या की काही जुळण्या नुसत्या योगायोगानेही होतात. केवळ समजण्यासाठी असे धरा, की नुसती खरखर एखाद्या ठशाशी जुळण्याची शक्यता दोनशेत एक आहे. तरी २,५९२ तुलनांत सुमारे १३ जुळण्या आपोआप निघतील! म्हणून 'किती जुळले' हे सांगताना 'किती वेळा पाहिले' हेही सांगावे लागते.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. 'नुसत्या खरखरीत अशी जुळणी होण्याची शक्यता पाच टक्के' हे एक विधान झाले. 'ही जुळणी गोळीची असण्याची शक्यता ९५ टक्के' हे दुसरे विधान झाले. दोन्ही एक नव्हेत. पाऊस पडला की रस्ता ओला होतो, पण रस्ता ओला दिसला म्हणून पाऊसच पडला असे होत नाही; पाण्याचा टँकर गळत गेला असेल. इतर कारणांचा विचार केल्याशिवाय पहिल्या विधानावरून दुसऱ्यावर उडी मारता येत नाही. रॅम्से समितीने हा दोषही दाखवून दिला.

पहिल्या तज्ज्ञांना मात्र आपण नावे ठेवू नयेत. प्रतिध्वनींच्या ठशांची त्यांची पद्धत शास्त्रीय होती आणि आकडेमोड परिश्रमाची होती. पण ते ठोके गोळीबाराच्याच वेळचे आहेत, हे गृहीत पक्के तपासले गेले नव्हते. पायाच एका मिनिटाने सरकलेला असेल, तर वरची हजारांशाची अचूकता काय कामाची?

काय सिद्ध झाले, काय नाही

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. रॅम्से समितीने 'कट नव्हता' असे सिद्ध केले नाही. कटाच्या बाजूने मांडलेला एक पुरावा टिकत नाही, एवढेच तिने दाखवले. एक खांब पडला म्हणजे समोरचे घर आपोआप उभे राहिले असे नव्हे. वादही तेथे संपला नाही. २००१ साली एका संशोधकाने जुनी जुळणी बरोबरच होती असे मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. २००५ साली रॅम्से आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी दोन्ही वाहिन्यांचा कालक्रम पुन्हा तपासून आपला निष्कर्ष कायम असल्याचे दाखवले. दोन्ही बाजूंनी आपली आकडेमोड सर्वांपुढे ठेवली, हे महत्त्वाचे.

कटाच्या कथा आणि शास्त्रीय विधान यांत फरक नेमका येथेच आहे. 'टेकाडावरून गोळी आली व ती या मुद्रणात आहे' हे विधान धीट होते, कारण ते खोटे ठरू शकत होते. आणि एका वाक्याने ते खोटे ठरले. उलट विरोधी पुरावा पुढे येताच 'हा पुरावाही कट करणाऱ्यांनीच पेरला' असे जो म्हणतो, त्याचे विधान कधीच खोटे ठरत नाही. ते त्याचे बळ नसून दुबळेपणा आहे. असे विधान ऐकले की एकच प्रश्न विचारावा : 'काय आढळले तर तुम्ही आपले मत बदलाल?'

करून पाहा

१. शाळेच्या मोठ्या, मोकळ्या भिंतीपासून ५० मीटरवर उभे राहा. टाळ्या अशा लयीत वाजवा, की प्रत्येक टाळी आधीच्या टाळीच्या प्रतिध्वनीबरोबर पडेल. लय जमली की २० टाळ्यांच्या अंतरांना लागणारा वेळ मोजा. एवढ्या वेळात ध्वनी २,००० मीटर जातो. २० अंश तपमानाला ५.८३ सेकंद यावेत, ३५ अंशांना ५.६८ सेकंद. हातातल्या घड्याळाने वेळ मोजताना ०.२ सेकंदाची चूक सहज होते. मग या प्रयोगाने सकाळ व दुपारच्या ध्वनिवेगांतला फरक दाखवता येईल काय? दाखवायचा असेल तर टाळ्या किती घ्याव्या लागतील?

२. दोन मित्रांनी दोन वेगवेगळ्या खोल्यांत मोबाईलवर ध्वनिमुद्रण सुरू करावे, पण एकाच वेळी नव्हे. तिसऱ्याने मधल्या दारात उभे राहून एकदाच एक वाक्य मोठ्याने म्हणावे. त्याआधी व नंतर दोन्ही खोल्यांत काही आवाज करावेत. आता चौथ्या मित्राने फक्त मुद्रणे ऐकून कोणता आवाज आधी झाला व कोणता नंतर, याचा क्रम लावावा. दोन्हींत असलेले ते एक वाक्य त्याला किती उपयोगी पडते ते पाहा. स्टीव्ह बार्बरने हेच केले होते.